बहात्तर चौकोनांचा महाराष्ट्र



'तुमचे गाव कोणते?' असे मराठीत कोणी विचारले, की आपण सध्या जिथे राहतो त्या ठिकाणाचे नाव सहसा सांगत नाही. भोसरीत वीस वर्षे राहिलेला माणूस 'औसा' असे उत्तर देतो. निगडीत जन्मलेली मुलगी 'आमचे गाव चिपळूणजवळ' असे म्हणते, मग तिने ते गाव दोनदाच पाहिलेले का असेना. राहण्याचे ठिकाण आणि गाव या आपल्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात या दोहोंमधले अंतर रोज जाणवते. याच पट्ट्यातील एका प्राथमिक शाळेत मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. महाराष्ट्राचे भौगोलिक विभाग हा घटक शिकवताना 'गाव कोणते?' हा साधा प्रश्न मला पाठ्यपुस्तकाइतकाच उपयोगी पडत आला आहे. तुमच्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही जण पाळी संपवून रात्री ही पुस्तिका उघडत असतील, काहींची मुले चौथीत असतील. पुढील विवेचन या सर्वांसाठी आहे.

आधी या पट्ट्याविषयी थोडे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पवनेच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग वाढत गेली. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांच्या पुढे गेली. दरम्यान वाहन उद्योग पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकला आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींसाठी ओळखले जाऊ लागले. ही वाढ केवळ जन्मदराने झालेली नाही. लातूर, नांदेड, बीड, बुलढाणा, जळगाव, सोलापूर, रत्नागिरी अशा अनेक जिल्ह्यांतून आणि राज्याबाहेरूनही माणसे येथे आली. त्यांची मुले आमच्या वर्गात शेजारी शेजारी बसतात. भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार?

प्राथमिक शिक्षणात ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, असे सांगितले जाते. आपल्याकडे तिसरीत जिल्हा आणि चौथीत राज्य असा क्रम त्यातूनच आला. पण आमच्या मुलांच्या बाबतीत 'ज्ञात' काय, हे ठरवणे सोपे नसते. पुणे जिल्ह्याचे पुस्तक हातात असलेल्या मुलाला जुन्नर आणि भोर ही नावे तितकीच परकी असतात, जितकी रत्नागिरीच्या मुलाला गोंदिया. त्याला ठाऊक असतो तो खोलीपासून शाळेपर्यंतचा रस्ता, कंपनीची बस थांबते तो चौक आणि सुट्टीत रात्रभर प्रवास करून गाठलेले आजीचे घर. म्हणून आम्ही सुरुवात वर्गापासून करतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शाळा काढायला सांगा. ते समोरून दिसणारी शाळा काढते : दार, खिडक्या, वर झेंडा. नकाशासाठी त्याला वरून पाहायला शिकवावे लागते आणि हे वळण भूगोलातील पहिले अवघड वळण आहे. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. खडूची पेटी कागदावर ठेवून तिच्या कडेने रेघ मारायची, पेटी उचलायची. जे उरते तो पेटीचा नकाशा. मग बाकाचा, मग वर्गाचा. वर्ग कागदावर मावत नाही, तेव्हा एका पावलासाठी एक चौकट धरायची. प्रमाण या शब्दाची व्याख्या पाठ न करताही मुलांना प्रमाण कळते. नळासाठी निळा ठिपका, कचरापेटीसाठी हिरवा चौकोन ठरला, की सूची तयार होते. दिशा मात्र मैदानावरच शिकवाव्यात. भिंतीवरच्या नकाशात उत्तर 'वर' असते आणि मग मुलांना उत्तर दिशा छताकडे आहे असे वाटू लागते. नकाशा जमिनीवर ठेवून उत्तरेकडे फिरवला, की हा घोटाळा उरत नाही.

इथपर्यंतची तयारी झाली, की आम्ही राज्याचा नकाशा मैदानावर काढतो. प्रमाण ठरवतो एका किलोमीटरला एक सेंटिमीटर. महाराष्ट्राचा विस्तार पूर्व-पश्चिम आठशे किलोमीटरांहून अधिक आणि उत्तर-दक्षिण सातशेहून अधिक आहे. म्हणजे नऊ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद जागा पुरते. सुतळी ताणून तिचे एकेक मीटरचे बहात्तर चौकोन करायचे. पाठ्यपुस्तकातील नकाशावरही तितकेच चौकोन आखायचे. दोन तुकड्या मिळून प्रत्येक मुलाला एक चौकोन मिळतो. आपल्या चौकोनात पुस्तकात जी रेघ जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते, तिथून ती खडूने काढायची, एवढेच काम. शेजाऱ्याच्या रेघेशी आपली रेघ जुळली पाहिजे, हा एकच नियम. या नियमावरून होणारी भांडणे ऐकण्यासारखी असतात, कारण ती भांडणे भीमा आणि गोदावरी कुठे वळतात यावरून असतात.

या नकाशावर चालताना मुलांना जे कळते, ते भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवून कळत नाही. पिंपरी ते चाकण हे सरळ रेषेतील अंतर जेमतेम एका नव्या पेन्सिलीएवढे भरते. नागपूरला जायला मात्र सहा मीटर चालावे लागते. कोकण इतके चिंचोळे, की किनारपट्टीच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सुमारे पाच मीटर चालताना एक पाय समुद्रात आणि दुसरा सह्याद्रीवर पडतो. नंतर मातीने डोंगर करायची वेळ येते आणि खरी गंमत होते. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. आपल्या प्रमाणात ती किती? दीड सेंटिमीटरहून थोडी अधिक. मुलांनी वीतभर उंचीचा सह्याद्री रचलेला असतो! तो मोडायचा नाही. 'आपण उंची दहापटीहून जास्त वाढवली आहे' एवढे सूचीत लिहायचे. नकाशा काही गोष्टी मोठ्या करतो, काही लहान करतो, काही गाळतो, आणि प्रामाणिक नकाशा ते लिहून ठेवतो. हा धडा नवव्या वर्षी कळला, तर पुढे आयुष्यभर पुरतो.

डोंगर झाल्यावर पाणी. तांब्याने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी ओतायचे आणि ते कुठे जाते ते पाहायचे. त्याआधी मी एक प्रश्न विचारते : समुद्र आपल्या पश्चिमेला, फार दूरही नाही, मग पवना आणि इंद्रायणी पूर्वेकडे का वाहतात? पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला. लोणावळ्याकडून आलेली इंद्रायणी देहू-आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा अरबी समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसते. तरी ती राजगुरुनगरवरून उजनी आणि पंढरपूरकडे जाते, कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. मातीचा नकाशा याचे उत्तर न बोलता देतो. सह्याद्रीचा पश्चिम उतार तुटलेला, म्हणून कोकणातील नद्या आखूड आणि वेगवान. पूर्वेकडे पठार मंद उतारत जाते, म्हणून देशावरच्या नद्या लांब आणि संथ. माढ्याहून आलेल्या एका मुलाने तेव्हा मला विचारले, 'म्हणजे इथल्या कंपन्यांचे पाणी आमच्या उजनीत जाते?' जाते. चौथीच्या पुस्तकात नसलेला हा प्रश्न होता, पण नकाशातून तो निघणे अटळ होते.

पावसाचे तसेच. पर्जन्यछाया ही संज्ञा मुलांना जड जाते, लोकल गाडी जड जात नाही. लोणावळ्यात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. पिंपरीहून लोणावळ्याला लोकलने तासाभरात पोहोचता येते. एवढ्याशा अंतरात पाऊस पाच-सहा पटींनी कमी होतो, कारण समुद्राकडून आलेले ढग सह्याद्री चढताना बरेचसे रिते होतात. आणखी पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात, तो अधिकच बेभरवशाचा होतो आणि विदर्भाच्या पूर्व टोकाला पुन्हा वाढतो. तिथे धान आहे, तलाव आहेत, दाट वने आहेत.

आता 'गाव कोणते?' या प्रश्नाकडे येऊ. मुलांना मी चार प्रश्न लिहून देते आणि घरी, जमल्यास फोनवर आजी-आजोबांना, विचारून यायला सांगते. गावची माती कोणत्या रंगाची? भाकरी कशाची? घराचे छप्पर कशाचे? प्यायचे पाणी कुठले? दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या गावाच्या चौकोनात उभे राहून उत्तरे वाचायची. वाचन सुरू झाले, की विभाग आपोआप उमटू लागतात. लाल माती, तांदळाची भाकरी आणि उतरती कौले सांगणारी मुले पश्चिमेच्या पट्टीत उभी असतात. काळी माती, ज्वारीची भाकरी आणि धाब्याचे घर सांगणारी मध्यभागी. जळगावकडची मुले कळण्याची भाकरी आणि केळीचे मळे सांगतात, अमरावतीकडची कापूस आणि संत्री. भंडारा-गोंदियाकडचे एखादे मूल तांदूळ सांगते, तेव्हा कोकणातील मुले चकित होतात. इतक्या दूर आपल्यासारखे जेवणारे कोणी आहे, हे त्यांना नवे असते. पाऊस, खडक, माती, पीक, घर ही साखळी मग वेगळी शिकवावी लागत नाही. छप्पर सपाट का, असे विचारले तर मुलेच सांगतात : 'पाऊस कमी म्हणून.'

चौथ्या प्रश्नाचे उत्तर एका वर्षी बीड जिल्ह्यातील एका मुलाने वाचले : 'टँकरचे.' काही मुले हसली. तो मुलगा गप्प झाला आणि मग त्याने फार कामाचा प्रश्न विचारला, 'बाई, टँकरची खूण कोणती काढू?' आमच्या सूचीत नदी होती, धरण होते, विहीर होती. टँकर नव्हता. तेवढ्यात लातूरकडची एक मुलगी म्हणाली, की तिच्या आजीच्या शहरात तर पाणी रेल्वेने आले होते. ते खरे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याच्या गाड्या धावल्या, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून. आम्ही सुतळीने मिरज आणि लातूर जोडले. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी मांजरेच्या खोऱ्यात कसे गेले, ते सगळ्यांनी पाहिले. सूचीत टँकरची खूण आली आणि रेल्वेचीही. त्या दिवसापासून टँकर या उत्तरावर वर्गात कोणी हसत नाही. ती आता एका माणसाच्या घरची उणीव राहिली नाही. ती नकाशावरची गोष्ट झाली आणि नकाशावरच्या गोष्टीला कारणे असतात.

बहात्तर चौकोनांपैकी निम्म्याहून कमी क्षेत्र प्रत्यक्ष महाराष्ट्राचे असते. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आणि आमचा एकेक चौकोन दहा हजारांचा. उरलेले चौकोन समुद्रात किंवा शेजारच्या राज्यांत जातात. पाठ्यपुस्तकात ती जागा कोरी असते. पण कलबुर्गी, बिदर, बुऱ्हाणपूर, एवढेच काय हैदराबादही याच कोऱ्या चौकोनांत येते, आणि कलबुर्गीकडची मुले आमच्या वर्गात असतात. त्यांच्या चौकोनात काही नाही, असे सांगणे म्हणजे त्यांना गाव नाही असे सांगण्यासारखे आहे. म्हणून तेही चौकोन भरायचे. काळी माती राज्याच्या सीमेवर थांबत नाही, ज्वारीही थांबत नाही, हे तेव्हा दिसते. बिहार आणि उत्तर प्रदेशातील मुलांसाठी आम्ही उत्तरेला सुतळी आणखी सोडतो. मैदान संपते, तेव्हा कुंपणाजवळ दगड ठेवून त्यावर गावाचे नाव लिहितो.

एक तिसरा गटही असतो, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चाकण, म्हाळुंगे, निघोजे या भागांतील मूळच्या शेतकरी घरांतील मुले. त्यांचे गाव इथेच. पेन्सिलीएवढ्या अंतरात त्यांचे सगळे मावते. त्यांच्या आजोबांनी सांगितलेली उत्तरे भूतकाळातील असतात : इथे कांदा होता, तिथे ज्वारी होती, त्या कारखान्याच्या फाटकाजवळ आमची विहीर होती. गाव न सोडताही गाव बदलू शकते, हे बाकीच्या मुलांना या मुलांकडून कळते.

आता शिकवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. 'विभाग' या शब्दाखाली आपण तीन वेगळ्या रेषा एकत्र करतो. पहिली निसर्गाची : कोकण किनारपट्टी, सह्याद्री, दख्खनचे पठार आणि त्यावरील नद्यांची खोरी. दुसरी प्रशासनाची : कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर हे सहा महसुली विभाग आणि त्यांतील ३६ जिल्हे. तिसरी इतिहासाची आणि लोकांच्या बोलण्यातली : खानदेश, मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र. बार्शीची माती आणि शेजारच्या धाराशिवची माती वेगळी नाही, पण एक पश्चिम महाराष्ट्रात आणि दुसरे मराठवाड्यात, कारण १९४८ पर्यंत एक मुंबई प्रांतात होते आणि दुसरे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. या तीन रेषा तीन रंगांच्या दोऱ्यांनी वेगवेगळ्या घालाव्यात. एकच दोरा वापरला, तर मुले समजतात की मराठवाडा हा सह्याद्रीसारखाच निसर्गाने केलेला आहे.

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून भाषेविषयीही सांगायला हवे. आपल्या भाषेत भूगोल फार जुना मुरलेला आहे. घाटमाथ्यावरच्या पठाराला आपण 'देश' म्हणतो. मावळतीकडचा प्रदेश तो मावळ, असा अर्थ सांगितला जातो, आणि पवनेच्या खोऱ्याला पवन मावळ म्हणतात. थडी म्हणजे नदीकाठ, त्यावरून भीमथडी आणि गंगथडी. मुलांना हे शब्द नकाशावर उभे राहून द्यावेत. कारण याच शब्दांचे दुसरे रूपही त्यांच्या कानांवर पडत असते. 'घाटी' हा शब्द मुळात घाटावरून आलेल्या माणसासाठी. तो शिवीसारखा वापरला जातो. 'तिकडचे', 'त्या बाजूचे' असे म्हणून खोली भाड्याने नाकारली जाते, हे मुलांनी घरी ऐकलेले असते. 'घाटी म्हणजे काय?' असे एका मुलीने विचारले, तेव्हा मी तिला मातीच्या सह्याद्रीजवळ नेले आणि म्हटले, 'या वाटेने जो वर-खाली करतो तो.' ती हिशेब करून म्हणाली, 'मग आपण सगळेच.'

हे सारे चौथीच्या मुलांना कशासाठी शिकवायचे? परीक्षेत जोड्या लावता याव्यात म्हणून नक्कीच. पण त्यापलीकडे, १ मे १९६० रोजी वेगवेगळे इतिहास असलेले प्रदेश एकत्र येऊन हे राज्य झाले आणि त्यांतील समतोल हा तेव्हापासूनचा प्रश्न आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी वेगळी तरतूद आहे. कोणाला किती पाणी, कोणाकडे कारखाना, कोणी गाव सोडायचे, हे निर्णय ज्यांच्यावर परिणाम करतात, त्यांची मुले आमच्या वर्गात आहेत. उद्या तीच मतदार होतील. आपण इथे का आलो, याचे उत्तर त्यांना 'नशीब' या एका शब्दात मिळू नये, एवढी माझी इच्छा आहे.

तुम्हीही हे करून पाहा. त्यासाठी शिक्षक असण्याची गरज नाही. राज्याचा कोरा नकाशा घ्या. तुमच्या खात्यात, तुमच्या इमारतीत किंवा महिला बचत गटात जे दहा-वीस जण असतील, त्यांना ते चार प्रश्न विचारा. त्यांच्या गावांच्या जागी उत्तरे लिहा, आधी नकाशात न पाहता, मग पाहून. कोणाचे गाव कागदाबाहेर जात असेल, तर कागद जोडा. प्रत्येकाच्या उत्तराला त्याचाच शब्द ठेवा : चोपण, मुरूम, बरड, कसदार, जे सांगतील ते. खाली तारीख लिहायला विसरू नका, कारण दहा वर्षांनी याच माणसांची उत्तरे वेगळी असू शकतील. आणि सूचीसाठी थोडी अधिक जागा सोडा. तुमच्या ओळखीच्या कोणाला तरी अशी एखादी खूण लागेल, जी अजून कोणत्याही छापील नकाशात नाही.